आविलाला नेलेली डझनभर अंडी

केल्सी ही माझ्याकडे राहायला आलेली पंधरावी पोरगी. विद्यापीठाचे लोक दर सहा महिन्यांनी एक परदेशी विद्यार्थिनी पाठवतात. मी तिला मागची खोली देते, दोन वेळचं जेवण देते आणि तिचं स्पॅनिश मार्गी लावते. हे तिसरं काम करारात नाही, पण मला राहवत नाही. पंधरा जणींत सगळ्यात नम्र ही केल्सीच. अमेरिकेतल्या नेब्रास्का नावाच्या सपाट मुलुखातली. खुर्चीला पाय लागला तर खुर्चीची माफी मागायची. पाणी दिलं की आभार, मीठ दिलं की आभार, ओरडले तरी आभार. पहिल्याच महिन्यात मी तिला बजावलं, "हे बघ, या घरात दिवसाला तीन आभार, बास. चौथा झाला की भांडी तू घासायचीस."

"आभारी आहे," ती म्हणाली.

तोंड उघडायची मात्र तिला फार भीती. चूक होईल म्हणून बेकरीत बोटानं पाव दाखवायची. मी रोज जेवताना तिला एकच ऐकवायचे. "बोल. चुकलं तर चुकलं. चुकीचं बोलून आजवर कुणी मेलेलं नाही." लोकांना शहाणपण सांगायला आपलं काय जातं?

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तिला गुरुवारची सुट्टी मिळाली. रात्रीच्या जेवणाला ती म्हणाली, "सेन्योरा कासिल्दा, मी एका दिवसासाठी आविलाला जाऊन येते. तटबंदी बघायची आहे. सकाळी जाईन, संध्याकाळी परत."

"मी येते," मी म्हटलं. म्हटल्यावर माझं मलाच नवल वाटलं. आविला माझं गाव. माद्रिदहून दीड तास. आणि अकरा वर्षांत मी तिथं पाऊल टाकलेलं नव्हतं.

कारण सांगून टाकते, कारण सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे. माझी थोरली बहीण सोन्सोलेस चोविसाव्या वर्षी सांता क्लाराच्या मठात गेली. बंद मठ. आत गेलेली बाई सहसा बाहेर येत नाही, भेटायचं ते जाळीच्या आडून. आमच्या घरापासून मठ दोन गल्ल्यांवर. ती गेली आणि आईवडील माझ्या वाट्याला आले. वडील कुणाला त्रास न देता गेले. आई आठ वर्षं अंथरुणाला खिळून होती. त्या आठही वर्षांत दर शुक्रवारी मी माद्रिदहून गाडी पकडायचे आणि रविवारी रात्री परतायचे. नवरा, पोरगी, नोकरी सगळं सांभाळून. मठातून निरोप यायचा, आईसाठी प्रार्थना चालू आहे. मला वाटायचं, बाई गं, प्रार्थना मी करते, तू एकदा येऊन चादर बदलून जा.

आई गेली त्या मंगळवारी मी सोन्सोलेसला कळवलं नाही. दोन गल्ल्या, चालत चार मिनिटं. सख्ख्या आईच्या अंत्यविधीला मठातून परवानगी मिळते हे मला ठाऊक होतं, आणि ठाऊक होतं म्हणूनच कळवलं नाही. आठ वर्षं आली नाहीस ना, मग आता चार बायकांसमोर रडायला कशाला येतेस? सगळं आटोपून माद्रिदला आले आणि बाराव्या दिवशी पत्र टाकलं. 'कळवायला उशीर झाला' असं लिहिलं, जणू पोस्टमन आजारी होता. तिचं उत्तर दोन ओळींचं. 'देवाची इच्छा. तुला आशीर्वाद.' त्या दोन ओळींत मला तिचा राग दिसायचा. त्यानंतर मी गेले नाही, तिनं लिहिलं नाही.

आणि एप्रिलात आविलाच्या जुन्या शेजारणीचा फोन आला, मठ बंद होतोय. सहाच जणी उरल्यात. जून लागला की त्यांना पार दक्षिणेत, सेव्हिल्याच्याही पलीकडच्या मठात हलवणार. सोन्सोलेस एकाहत्तरची, मी सदुसष्टची. आता सांगितलं नाही तर सांगायचं राहूनच जाणार. 'मी मुद्दाम कळवलं नाही', एवढं एक वाक्य. ते तिला सांगायचं होतं, आणि महिनाभर तेवढंच माझ्याच्यानं होत नव्हतं.

निमित्त हवं होतं, ते घरातच होतं. माझी मुलगी नोएलिया हिचं पुढच्या शनिवारी लग्न, आणि तेही उघड्या बागेत, कारण हल्ली छताखाली लग्न केलेलं चालत नाही. लग्नाच्या दिवशी पाऊस पडू नये म्हणून सांता क्लाराच्या सिस्टर्सना डझनभर अंडी नेऊन द्यायची, ही आमच्याकडची रीत. त्या अंड्यांची मिठाई करतात आणि पावसाचं काय ते वर बोलून घेतात.

गुरुवारी सकाळच्या गाडीत केल्सी अंड्यांचा खोका मांडीवर घेऊन बसली. प्रत्येक वळणावर दोन्ही हातांनी झाकायची, जणू आत पिल्लंच आहेत. मी तिला मठातलं बोलणं शिकवत होते. आत गेलीस की घंटी वाजव. समोर भिंतीत फिरतं लाकडी कपाट असतं. त्याच्यामागून आवाज येईल, माणूस दिसणार नाही. आवाज म्हणेल 'आवे मारिया पुरीसिमा', आपण म्हणायचं 'सिन पेकादो कोन्सेबिदा'. मारियेचं स्तवन ते, मठातला नमस्कार तोच. ती ओठांतल्या ओठांत घोकत राहिली.

"सेन्योरा, एक विचारू?"

"विचार."

"सांता क्लाराच्या सिस्टर्स माद्रिदमध्येपण आहेत ना? आपल्या घरापासून मेट्रोची तीन स्टेशनं?"

"कुणी सांगितलं?"

"नोएलियानं. ती म्हणाली, आई अंडी फिरवायला आविलापर्यंत का चाललीय, कळत नाही."

"आविलाच्या प्रार्थनेला जास्त गुण येतो," मी म्हटलं. "तिथली हवा कोरडी आहे."

तिनं मान डोलावली आणि वहीत काहीतरी टिपून घेतलं. देव करो, तिच्या शिक्षकानं ते वाचलेलं नसो.

आविलाला उतरल्यावर मे महिना माद्रिदलाच राहिला असं वाटलं. वारा नाकात शिरला आणि मला एकदम माझं बाराव्या वर्षाचं नाक आठवलं, कायम लाल. केल्सी अर्ध्या बाह्यांत कुडकुडत होती. मी माझी शाल तिच्या अंगावर टाकली. आज दोनच आभार उरले होते, त्यातला एक तिनं खर्च केला.

मठ दहाला उघडतो, एकला बंद होतो. आम्ही साडेदहाला पोचलो. म्हणजे सरळ जाऊन अंडी देऊन अकराला मोकळं होता आलं असतं. पण मी म्हटलं, आधी तुझी तटबंदी बघू, तू त्यासाठी आली आहेस. मी तिला तटावर चढवलं. उतरवलं. दुसऱ्या दरवाजानं पुन्हा चढवलं. कॅथेड्रल दाखवलं, बाजार दाखवला, मी पहिल्यांदा पडले ती पायरी दाखवली. ज्या चर्चांकडे मी आयुष्यात ढुंकून बघितलं नव्हतं त्यांच्या दारांवरचं कोरीवकाम समजावलं, आणि त्यातलं निम्मं जागच्या जागी रचलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मठाची गल्ली तेवढी चार वेळा टाळली.

"सेन्योरा, हा बुरूज आपण मघाशी पाहिला," केल्सी म्हणाली.

"तो दुसरा."

"त्याच्यावर हाच करकोचा होता."

"आविलातले करकोचे सारखेच दिसतात."

तिनं अंड्यांचा खोका एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. दोन तास तो खोका सांभाळत ती माझ्यामागून चढत-उतरत होती. मला माझीच लाज वाटली. साडेबाराला मी मुकाट्यानं गल्लीत वळले.

मठाच्या समोर एपिफानियोचा बार आहे. तो अजून आहे आणि एपिफानियोही अजून आहे, हे बघून मला बरं वाटायला हवं होतं. त्यानं मला दारातच ओळखलं.

"अरेच्चा! सांचिद्रियानांची धाकटी! मला वाटलं, तू गेलीस."

"तुझी कॉफी पिऊन गेले नाही, आता कशानं जाणार?"

"जीभ तशीच आहे, म्हणजे तूच." त्यानं विचारल्याशिवाय दोन दुधाच्या कॉफ्या आणि बटाट्याच्या ऑम्लेटचे दोन तुकडे पुढे सरकवले. "सोन्सोलेसला भेटायला आलीस? बरं केलंस. हल्ली कपाटापाशी तीच असते. बाकीच्यांना घंटी ऐकू येत नाही."

माझा घास तोंडातच राहिला. मी धरून चालले होते की दुसरीच कुणीतरी म्हातारी अंडी घेईल, मी हळूच बहिणीची चौकशी करेन, मग बघू. आता बघू नव्हतंच. भिंतीच्या पलीकडे सोन्सोलेसच बसलेली होती.

"सोन्सोलेस कोण?" केल्सीनं विचारलं.

"कुणी नाही. खा."

तिनं खाल्लं. पाऊण वाजत आला. मी तिला म्हटलं, "जा, देऊन ये. बंद होईल."

"तुम्ही नाही येत?"

"माझा गुडघा दुखतोय."

"पण आत्ता तर आपण दोनदा तटावर..."

"म्हणूनच दुखतोय. ऐक. आतून नवरीचं नाव विचारतील, प्रार्थनेसाठी. नाव सांग, एक आडनाव सांग आणि पुरे. माझं नाव काढायचं नाही. मी इथं आहे हेही नाही."

मी विचार केला होता तो असा: नोएलिया गोमेस. गोमेस माझ्या नवऱ्याचं आडनाव, अर्ध्या स्पेनचं तेच. सोन्सोलेसला काही कळायचं नाही. अंडी पोचतील, पाऊस थांबेल, आणि मी पुढच्या गाडीनं घरी जाऊन उरलेलं आयुष्य स्वतःला शिव्या देत काढीन. एवढी सवय झाली होती की तेसुद्धा बरं वाटत होतं.

केल्सी रस्ता ओलांडून मठाच्या दारात शिरली. मी खिडकीतून बघत होते. एपिफानियो पेला पुसत बघत होता. पाच मिनिटं झाली, सात झाली. मग ती बाहेर आली, रिकाम्या हातानं, आणि चेहरा असा की परीक्षेत प्रश्नच कळला नाही.

"अंडी घेतली," ती बसत म्हणाली. "पण नाव सांगितल्यावर ती गप्पच झाली. काही चुकलं का?"

"काय सांगितलंस?"

"तुम्ही म्हणालात तेच. नाव आणि एक आडनाव. नोएलिया सांचिद्रियान."

मी डोक्याला हात लावला. लग्नाची पत्रिका तिच्या पर्समध्ये होती, तिलाही आमंत्रण होतं. पत्रिकेवर आमच्या सगळ्यांसारखं लिहिलेलं, नोएलिया गोमेस सांचिद्रियान, आधी बापाचं आडनाव, मग आईचं. एकच सांग म्हटलं की आम्ही पहिलं सांगतो. नेब्रास्कात सगळ्यात शेवटी असतं तेच आडनाव. मधलं म्हणजे कुठल्यातरी आजीला खूश करायला ठेवलेलं. तीन महिने मी त्या पोरीचं सगळं सुधारलं, हे सांगायचं राहिलं. आणि आविलात सांचिद्रियान आडनावाची, लग्नाच्या वयाची नोएलिया एकच असणार, सोन्सोलेसची सख्खी भाची.

"मग?"

"मग तिनं विचारलं, तुला कुणी पाठवलं? मी म्हटलं, ते सांगायची मला परवानगी नाही."

एपिफानियो मोठ्यानं हसला. मी त्याच्याकडे बघितल्यावर पेला पुसू लागला.

"मग ती म्हणाली, ती बाहेर आहे का? आणि सेन्योरा, मी खरंच प्रयत्न केला. पण मला खरं बोलतानाच इतके शब्द शोधावे लागतात, खोटं बोलायला कुठून आणू? मी म्हटलं, समोरच्या बारमध्ये आहे, गुडघा दुखतोय."

मी उठले. पर्स घेतली. "चल. एक वाजून दहाची गाडी मिळेल."

केल्सी उठली नाही. तीन महिन्यांत पहिल्यांदा ती माझं ऐकत नव्हती. कान लाल झाले होते, हात टेबलाखाली होते, पण बसून राहिली.

"नाही," ती म्हणाली. "ती तुमची बहीण आहे ना? आवाज तुमच्यासारखाच आहे. तुम्हाला तिच्याशी बोलायचंय. आपण दोन तास त्यासाठीच फिरलो. बोला. चुकलं तर चुकलं. चुकीचं बोलून आजवर कुणी मेलेलं नाही."

एवढं सगळं, आणि एकही चूक नाही. मला तिचा राग आला आणि तेवढाच अभिमान वाटला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझा पीळ त्या बारमध्ये, ऑम्लेटच्या उष्ट्या बशीसमोर थोडासा सैल झाला. मी पर्स तिच्याकडे दिली आणि रस्ता ओलांडला.

मठाच्या ओसरीत गारवा होता, मेणाचा आणि साखरेच्या पाकाचा वास होता. भिंतीतलं कपाट तेच, कडा हातांनी झिजलेल्या. घंटी वाजवायची गरज पडली नाही.

"आवे मारिया पुरीसिमा," आतून आवाज आला.

"सिन पेकादो कोन्सेबिदा," मी म्हटलं. माझा आवाज लहान पोरीसारखा निघाला.

मग आतून, "गुडघा कसा आहे?"

"बरा आहे."

"दुखत होता ना?"

"सोले, टोमणे मारू नकोस. मला काहीतरी सांगायचंय, आणि मध्ये बोललीस तर मी पळून जाईन."

"पळ. गुडघा बरा आहे म्हणतेस." पण मग ती थांबली. लाकडामागे खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं. "बोल, सिल्दा."

अकरा वर्षं मी त्या वाक्याची तालीम केली होती. भांडी घासताना, मेट्रोत, नवऱ्याच्या आजारपणात त्याच्या उशाशी. सांगायची वेळ आली तेव्हा ते सगळं चोळामोळा होऊन बाहेर पडलं. "आई गेली तेव्हा मी तुला मुद्दाम कळवलं नाही. उशीर झाला नव्हता. माझ्याकडे वेळ होता, दोन गल्ल्या होत्या, सगळं होतं. तू येऊ नयेस असं मला वाटत होतं. बारा दिवस थांबून पत्र टाकलं, म्हणजे तुला काहीच करता येऊ नये. मी तुझ्यापासून आईचा अंत्यविधी हिरावून घेतला. झालं. सांगितलं."

मी कपाटाची कड धरून उभी राहिले.

"अगं शहाणे," सोन्सोलेस म्हणाली, आणि आवाज घोगरा झाला होता, "मला त्याच दिवशी कळलं."

"कसं?"

"काळ्या चौकटीची नोटीस. अंत्यविधीवाला पहिली नोटीस आमच्याच दारावर चिकटवतो. झाडायला येणाऱ्या बाईनं वाचून दाखवली. सकाळी दहा वाजता."

मी भिंतीला टेकले. त्या नोटिशीचा मजकूर मीच दिला होता. 'कन्या सोन्सोलेस आणि कासिल्दा', असं माझ्याच हातानं लिहून दिलं होतं. लहानपणापासून गावातल्या प्रत्येक मेलेल्या माणसाचं नाव मी याच दारावर वाचलेलं, येता-जाता, शाळेत जाताना. आणि बहिणीला कळू नये म्हणून जपणाऱ्या या शहाणीच्या डोक्यात ते दार आलंच नाही.

"मग तू आली का नाहीस?" मी विचारलं. रागानं नाही, खरंच कळत नव्हतं म्हणून.

"मदरनी परवानगी दिली. टॅक्सी बोलावली. मी बाहेरचे जोडे घातले, दारापर्यंत आले. आणि नाही जमलं. स्मशानात तू असणार होतीस. आठ वर्षं तू तिचं सगळं केलंस आणि मी इथं बसून माळ ओढली. तुझ्यासमोर कोणत्या तोंडानं उभी राहू? टॅक्सी परत पाठवली." ती श्वास घ्यायला थांबली. "बारा दिवसांनी तुझं पत्र आलं. 'कळवायला उशीर झाला.' मी देवाचे आभार मानले, सिल्दा. खरंच. म्हटलं, हिला वाटतंय मला माहीतच नव्हतं. वाटू दे. तुझ्या पत्रामागं मी अकरा वर्षं लपून बसलेय."

"मग दोन ओळींचं उत्तर?"

"तिसरी ओळ लिहिली असती तर खरं लिहावं लागलं असतं."

मला हसू आलं. त्या ओसरीत, त्या गोष्टीवर, हसू. आतूनही तसाच आवाज आला. मग दोघींचंही हसणं नाकातून वाहायला लागलं आणि रुमाल केल्सीकडच्या पर्समध्ये राहिलेला.

एकची घंटा झाली. सोन्सोलेस म्हणाली, "वाजू दे. मदर नव्वदीच्या आहेत, जेवायच्या आधीच झोपतात. उजवीकडचं दार ढकल. आणि तुझ्या त्या पोरीला आण, जिला खोटं बोलता येत नाही. अशी माणसं बघायला मिळत नाहीत."

जाळीच्या खोलीत मी आणि केल्सी दोन कडक खुर्च्यांवर बसलो. पलीकडचं दार उघडलं आणि सोन्सोलेस आली. छोटी झाली होती. ताठ चालायची, आता काठी होती. तोंड मात्र तेच, आणि माझ्याकडे बघताना लहानपणी माझी गणितं तपासताना असायचं तसं.

"जाड झालीस," ती म्हणाली.

"तू सुकलीस. तुमच्या मिठाया सगळ्या विकता वाटतं?"

केल्सी दोघींकडे आळीपाळीनं बघत होती. सोन्सोलेसनं तिला विचारलं, आविला आवडलं का? केल्सी म्हणाली, खूप आवडलं, मी सगळं दोनदा पाहिलं. मग पाच मिनिटांनी, आम्ही नोएलियाच्या नवऱ्या मुलाबद्दल, त्याच्या दाढीबद्दल, बागेतल्या मांडवाबद्दल बोलत असताना, ती मध्येच फोन पुढे करून म्हणाली, "माफ करा. मी बघितलं. माद्रिदहून सेव्हिल्या अडीच तास, पुढे तासाभराची बस. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. एका दिवसात."

"भेटायला पहिला रविवार असतो तिथं," सोन्सोलेस हळूच म्हणाली. विचारत नव्हती. नुसतं सांगत होती.

"जूनचा पहिला रविवार म्हणजे लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी," मी म्हटलं. "जुलैत येते. नोएलियाला घेऊन. फोटो आणते." आणि म्हणताना मला कळलं की मी खरंच जाणार आहे.

केल्सी खोकली आणि म्हणाली, तिला चॅपेलचा फोटो काढायचाय. चॅपेल बंद होतं. तरी ती गेली.

सोन्सोलेसनं जाळीतून दोन बोटं बाहेर काढली. मी ती धरली. मिठाईच्या पाकानं चिकट झाली होती.

"मला एक सांगशील?" तिनं विचारलं. "आई शेवटी माझ्याबद्दल काही बोलली?"

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही, कबुलीच्या वेळी फादरनाही नाही. पत्राची गोष्ट वाईट होती, पण ती माझ्या रागाची होती. ही माझ्या दुखण्याची होती.

"शेवटचे नऊ दिवस तिनं एकच नाव घेतलं," मी म्हटलं. "तुझं. सोन्सोलेस आली का? सोन्सोलेस कुठाय? मी समोर बसलेली, आणि मला ओळखतच नव्हती. पहिले दोन दिवस मी सांगत राहिले, आई, मी सिल्दा. ती भिंतीकडे तोंड फिरवायची. तिसऱ्या दिवशी..."

"तिसऱ्या दिवशी काय?"

"तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, आले गं आई. मी सोन्सोलेस."

तिची बोटं माझ्या हातात ताठ झाली.

"मग ती शांत झाली. माझा हात धरायची आणि सोडायची नाही. म्हणायची, सोन्सोलेस, तुला किती दिवसांनी सोडलं त्यांनी. मी म्हणायचे, आता सोडलंय, आता मी इथंच आहे. मंगळवारी पहाटेसुद्धा तुझंच नाव घेतलं आणि मी हो म्हटलं. राग त्याचाच होता, सोले. आठ वर्षं केलं मी, आणि ती गेली तुझा हात धरून."

सोन्सोलेस म्हणाली, "म्हणजे ती माझी वाट बघत गेली नाही."

"नाही. तू होतीस तिथं. शेवटपर्यंत होतीस."

सोन्सोलेसनं जाळीला कपाळ टेकवलं. इतक्या जवळून मी तिला सत्तेचाळीस वर्षांत बघितलं नव्हतं.

"पण हात तुझा होता, सिल्दा," ती म्हणाली. "हात तुझा होता."